आज उतरायचं कुठं?

अजूनही अधूनमधून फोन येतो. माणूस पुण्याचा नाहीतर मुंबईचा असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वाडा किती जुना आहे?"

"रोज नवा असतो," मी सांगते.

 मग लाकडी खांब आहेत का, चौकात तुळस आहे का, संडास आत की बाहेर. बाहेर आहे हो, सगळंच बाहेर आहे. माझा स्वभाव मुळात तिरसट, त्यात आधीच उल्हास नि त्यात फाल्गुन मास म्हणतात तसं हे प्रश्न रोजचे. पण चूक त्यांची नाही. नेटवर टाकलेल्या जाहिरातीत मीच लिहिलं होतं, 'धनगरांच्या वाड्यावर तीन दिवस. चाला, मेंढरं राखा, उघड्यावर झोपा.' लोक 'वाडा' एवढंच वाचतात आणि डोळ्यांसमोर दिंडी दरवाजा आणतात.

आमच्यात वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढ्यांचं खांड, म्हणजे कळप, तो रात्री कोंडायची दोरीची जाळी, एक घोडी, कुत्री, चार कोंबड्या आणि या सगळ्यांबरोबर चालणारी माणसं, एवढ्याला मिळून वाडा म्हणायचं. तो सकाळी उठतो, दिवसभर चालतो आणि संध्याकाळी कुणाच्या तरी रानात उतरतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, आमचं घोडीच्या पाठीवर.

आता मी सांगते की सहली बंद केल्यात. का, ते फोनवर सांगत नाही.

आम्ही आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचे. दिवाळी झाली की आमचा वाडा पश्चिमेला निघायचा, घोडेगाव, शिनोली करत डोंगरात शिरायचा, आहुप्याच्या घाटानं कोकणात उतरायचा आणि पावसाच्या आधी परत यायचा. मी तेवढी शिकले, पुण्यात सहलींच्या एका कंपनीत चिकटले. तिथं माझं काम म्हणजे हौशी लोकांना त्रास विकायचा. जीवधनच्या कड्यातल्या पायऱ्या दोराला धरून चढवायच्या, पावसाळ्यात नाणेघाटात वाऱ्यानं उलटं वर उडणारं पाणी दाखवायचं, भीमाशंकरच्या रानात काजवे बघायला पायवाटेनं न्यायचं. आईनं एकदा विचारलं, "आडवेंचर म्हंजे काय गं?" मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे मुद्दाम तरास करून घ्यायचा. मंग आमी जलमभर काय केलं?"

तिथूनच माझ्या डोक्यात आलं. आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागं खांड धाकट्या भावाकडं आलं होतं. वहिनी पोरांच्या शाळेपायी लोणीतच अडकलेली. भाऊ आणि आई, दोघंच वाडा हाकत होते. मी नोकरी सोडली आणि म्हटलं, लोणी ते शिनोली तेवढे तीन दिवस पाहुणे बरोबर घेऊ. भाऊ आधी नाही म्हणाला. "राव, मेंढरं राखू का मानसं?" पण आईला कल्पना लई आवडली. आप्पा गेल्यापासून तिच्याशी दिवसभर बोलणारं कुणी नव्हतं.

आप्पा गेले ते लोणीच्या घरात, पावसाळ्यात, खाटेवर. जन्मभर उघड्यावर झोपलेला माणूस पत्र्याखाली गेला याचा आईला फार राग होता. शोकापेक्षा रागच जास्त, असं मला तेव्हा वाटायचं.

पहिल्या वर्षी मी पाहुण्यांना आधी खोडदला नेलं होतं. तिथल्या रानात दुर्बिणीच्या त्या अवाढव्य थाळ्या उभ्या आहेत, आभाळाकडं तोंड करून. आई बरोबर होती. एका पाहुण्यानं तिला समजावलं की या थाळ्या आभाळातलं लाखो वर्षांपूर्वीचं ऐकतात. आईनं मान डोलावली. "बरं हाय. मला कालचं ध्यानात ऱ्हाईना झालंय." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

वाड्याची चाल कशी असते ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. सकाळी वाडा उठला की त्याचे दोन भाग होतात. बापई माणसं मेंढरं घेऊन माळानं, डोंगराच्या कडेनं चारत चारत निघतात. बायका घोडीवर बिऱ्हाड लादून सरळ वाटेनं पुढं जातात, ठरलेल्या जागी उतरतात, तीन दगड मांडून चूल पेटवतात. मागून येणाऱ्यांना धूर दिसतो आणि कळतं की आज घर इथं आहे. मेंढरं येऊन जाळीत बसेपर्यंत चुलीपाशी कुणी घास तोंडात घालत नाही. लहान पोरंसुद्धा नाहीत. मी लहानपणी या नियमापायी किती रडले ते आईच सांगू शकली असती.

जागा ठरायची सकाळी, एका शब्दात. आई विचारायची, "आवो, आज उतरायचं कुठं?" आप्पा काठी काखेत धरून म्हणायचे, "चिंचंखाली." नाहीतर "वाकणात." कुठली चिंच, कुठलं वाकण, हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. आप्पा मुळात अबोल. त्या दोघांत जन्मभर जे काही बोलणं झालं असेल त्यात हा प्रश्न आणि हे उत्तरच सगळ्यांत जास्त वेळा आलं असेल. भावाच्या हातात वाडा आल्यावर तो मोबाईलवर लोकेशन दाखवायला लागला. आई म्हणायची, "त्यात काय बघू? शब्दानं सांग की."

वाकण म्हणजे शिनोलीच्या पुढचं घोड नदीचं एक वळण. गवत चांगलं, पाणी बारमाही, वाऱ्याला आडोसा. आप्पांची आवडती जागा. मी शाळेत असताना डिंभ्याचं धरण भरलं आणि वाकण पाण्याखाली गेलं. तेव्हापासून आम्ही शिनोलीतच उतरायचो, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या भात निघालेल्या रानात. त्याला मेंढरांचं खत मिळायचं, आम्हाला धान्य. त्या गोष्टीलाही इतकी वर्षं झाली की वाकणाचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

ज्या वर्षी सहली बंद केल्या त्या वर्षी पाहुण्यांत एक निवृत्त गृहस्थ होते. जुन्या दारांचे फोटो काढायचा त्यांना छंद. तेही वाडा या शब्दानंच फसून आलेले, भलामोठा कॅमेरा आणि तिकाटणं घेऊन. पहिल्या दिवशी लोणीच्या माळावर उभे राहून त्यांनी मला विचारलं, "वाडा कुठाय?" मी मेंढरांकडं बोट दाखवलं. बिचारे खिलाडू निघाले. म्हणाले, "मग दार कुठलं समजायचं?" आणि जाळीचा जो कोपरा उघडून मेंढरं आत घेतात त्याचे फोटो काढत बसले. दुसरी एक पोरगी होती, कॉम्प्युटरच्या कंपनीतली, पायाला फोड आले तरी हूं की चूं न करणारी. आणखी काही जण होते. माणसं चांगली होती. माझ्या तिरसटपणाला त्यांनी फारशी संधी दिली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घोडेगावच्या अलीकडच्या रानात होतो. दव पडलं होतं. पाहुणे ओळीनं बांधावर उभे राहून दात घासत होते. भाऊ जाळी गुंडाळत होता. आई घोडीवर बिऱ्हाडाची शेवटची गाठ मारत होती, पायानं दाबून, दातानं ओढून, जशी ती नेहमी मारायची. गाठ झाली. तिनं वळून भावाकडं बघितलं, पदर डोक्यावर सारखा केला आणि विचारलं,

"आवो, आज उतरायचं कुठं?"

पाहुण्यांना यात काहीच कळलं नसणार. आम्हाला दोघांना कळलं. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. 'आवो' म्हणजे नवरा. पोरगा 'आरं' असतो, मरेपर्यंत 'आरं', तो सरपंच झाला तरी. आईनं कधी मिठाऐवजी साखर घातली असती, कधी माझं नाव विसरली असती, पण या दोन शब्दांची गल्लत तिच्या हातून होणं शक्य नव्हतं. आणि पोरासमोर ती कधी पदर सारखा करत नव्हती.

भावाच्या हातातली जाळी तशीच राहिली. त्यानं माझ्याकडं बघितलं. शेजारी पाहुणे, आई वाट बघत उभी, चेहरा सकाळसारखा मोकळा. "आई, मी हाय," एवढं म्हणायला त्याची जीभ वळली नाही. तो म्हणाला, "नेहमीच्याच जागी."

आई हसली. घोडीचा दोर धरून निघालीसुद्धा. दारांचे गृहस्थ, ती पोरगी आणि आणखी दोघं तिच्याबरोबर गेले. घोडेगावात खांड रस्ता ओलांडताना भावाला जास्तीचं माणूस लागतं, म्हणून मी मेंढरांबरोबर राहिले.

चालताना आम्ही भांडलो. मी म्हणाले, तिला डॉक्टरकडं नेलं पाहिजे. तो म्हणाला, थकली असेल, झोप नीट लागली नसेल. मी म्हणाले, तू सरळ सांगायचंस. तो म्हणाला, "तूच का न्हाई सांगितलंस मंग?" पुढं उसाच्या कडेला बिबट्याचे ठसे दिसले, पाहुणे त्यांच्याभोवती गोळा होऊन फोटो काढायला लागले आणि आमचं भांडण तिथंच राहिलं.

शिनोलीच्या रानात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. धूर नव्हता. घोडी नव्हती. कापलेल्या भाताचे खुंट तेवढे होते आणि बांधावर शेतकरी उभा होता.

"म्हातारी कुठंय?" भावानं विचारलं.

"ती तर दुपारीच फुडं गेली की, घोडी नि पावणं घिऊन. मी हाक मारली. तर म्हनली, आज वाकणात उतरायचंय." तो आमच्या तोंडांकडं बघायला लागला. "मला वाटलं, तुमी बेत बदलला."

भाऊ बांधावर खाली बसला. 'नेहमीच्याच जागी' हे त्याचे शब्द होते आणि आईनं ते तंतोतंत पाळले होते. तिच्या नेहमीची जागा कुठली, हे आम्ही विसरलो होतो, ती नाही.

आईबरोबरच्या पाहुण्यांचे फोन लागत नव्हते. धरणाच्या बाजूला रेंज नसते. भावाला खांड आणि उरलेले पाहुणे उघड्यावर सोडून हलता येईना, तेव्हा शेतकऱ्यानं आपला पिकअप काढला आणि मी एकटी त्याच्याबरोबर गेले. तो काहीतरी बोलत होता, पाऊस औंदा बरा झाला, धरण काठोकाठ आहे, असं काही. मी आतल्या आत देव पाण्यात घालून बसले होते. मी फक्त एवढंच मागत होते की आईनं माझ्या भावाला पुन्हा 'आरं' म्हणावं.

वळणावरून खाली धूर दिसला. पाण्याच्या अगदी कडेला, दाट, पांढरा धूर. पिकअप वरच्या रस्त्यावर ठेवून मी उतारावरून धावत गेले. घोडीची पाठ मोकळी होती, ती चरत होती. तीन दगड मांडलेले, चूल पेटलेली, भाकरींची चवड फडक्याखाली. पाहुणे चुलीभोवती घोंगड्यांवर बसले होते आणि इतके खूश होते की मला त्यांचा रागच आला.

"काय सरप्राईज ठेवलंत हो!" ती पोरगी म्हणाली. "तळ्याकाठी मुक्काम! जाहिरातीत का नाही लिहिलंत?"

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "काय गं, इतका उशीर? मेंढरं कुठं ऱ्हायली?" मला तिनं ओळखलं होतं. माझा जीव भांड्यात पडला, तो क्षणभरच. तिनं पाण्याकडं हात केला. "पानी लई वर आलंय बघ. आपल्या चुलीची जागा बुडाली. म्हनून हितं मांडली. ओली लाकडं घातलीत, धूर जादा व्हावा म्हनून. त्यांना दिसंल न्हवं?"

मी काही बोलायच्या आत ते दारांचे गृहस्थ म्हणाले, "बाबा कधी येतायत? आम्ही ठरवलंय, ते आल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. नियम म्हणजे नियम."

तेव्हा मला कळलं की आई दुपारभर काय करत होती. ती त्यांना आप्पा सांगत होती. आणि नुसती सांगत नव्हती, 'होते' म्हणून नाही, 'आहेत' म्हणून सांगत होती. पाहुण्यांना सगळं माहीत झालं होतं. आप्पा चहात गूळ घालत नाहीत, खडा दाढेत धरून वरून चहा पितात. डावा गुडघा दुखतो पण कबूल करत नाहीत. उन्हात घोंगडीची खोळ डोक्यावर घेतात. ती पोरगी मला हे सगळं हसत हसत सांगत होती, खातरी करून घेत होती, बरोबर ना, बरोबर ना. मग म्हणाली, "आणि ते कोकराचं किती गोड आहे!"

"कुठलं कोकरू?"

"तुम्हाला माहीत नाही? आजी लग्नानंतर पहिल्यांदा वाड्याबरोबर निघाल्या ना, तेव्हा याच जागी पहिली चूल मांडली. माहेरच्या आठवणीनं रडत बसल्या होत्या. बाबा मेंढरं घेऊन आले, काही बोलले नाहीत, एक कोकरू आणून त्यांच्या मांडीत ठेवलं आणि निघून गेले. म्हणून ही जागा नेहमीची."

मला माहीत नव्हतं. माझ्या आईबापांची ही एवढी एकच प्रेमाची गोष्ट, आणि ती मला तीन दिवसांच्या पाहुणीकडून कळली. मला त्या पोरीचा हेवा वाटला, अगदी खराखुरा, लहान पोरासारखा.

शेतकऱ्याला मी वर जाऊन कानात सांगितलं की खांडापाशी नि उरलेल्या पाहुण्यांपाशी तुझ्या घरची माणसं बसव आणि भावाला घेऊन ये. तो गेला. मी परत येऊन चुलीपाशी बसले. गृहस्थांनी पुन्हा विचारलं, बाबा कधी येतील. आई माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणाले, "येतील."

अंधार पडायच्या बेतात वर रस्त्यावर गाडीचा आवाज आला. आणि मग उतारावरून हाक आली. आप्पांची हाक. प्रत्येक मेंढक्याची हाक वेगळी असते आणि खांड आपल्या माणसाच्याच हाकेला येतं. आप्पा गेल्यावर मेंढरं भावाचं ऐकेनात, तेव्हा त्यानं महिनाभर माळावर ओरडून ओरडून ती हाक गळ्यात बसवली होती. खालून सुरू होऊन वर चढायची आणि मध्येच तोडायची. त्या संध्याकाळी त्यानं ती का दिली हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. कदाचित आईला बरं वाटावं म्हणून. कदाचित त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"आले," आई म्हणाली. उठून उभी राहिली. हाताचं पीठ झटकलं, पदर सारखा केला, भाकरींवरचं फडकं काढलं. पाहुणेही उठले. गृहस्थांनी कॅमेरा हातात घेतला.

भाऊ चुलीच्या उजेडात आला.

आई त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या मागं बघितलं. पुन्हा त्याच्याकडं बघितलं.

"आरं," ती म्हणाली. "तू व्हय? आन् ते?"

सकाळपासून मी जो शब्द मागत होते तो मला मिळाला. भाऊ तिचा पोरगा झाला, मी पोरगी होतेच, आणि आप्पा त्याच क्षणी पुन्हा मेले.  भाऊ नुसता रडायला लागला, उभ्या उभ्या, हात खाली सोडून. म्हणून मी सांगितलं.

"आई, आप्पा गेले. मागंच गेले. पावसाळ्यात, लोणीत."

"कवा?"

"लई दिस झालं आई."

"मला कुनी सांगितलं न्हाई?" तिचा आवाज चढला नव्हता. खरंच विचारत होती.

"तू व्हतीस तिथं. तुझ्याच मांडीवर डोकं व्हतं त्यांचं."

ती खाली आपल्या मांडीकडं बघायला लागली. उभी होती, तरी लुगड्याच्या पुढच्या भागावरून तिनं हात फिरवला, काही राहिलंय का ते चाचपल्यासारखा. मग चुलीपाशी बसली आणि मला म्हणाली, "मंग पावन्यांना वाढ गं. कशाची वाट बघायची आता? पोरं उपाशी हायत."

मेंढरं जाळीत न येता आमच्या चुलीवरचं अन्न ताटात पडलं, ते माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. कुणी नाही म्हणालं नाही. गृहस्थांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि मान खाली घालून भाकरी मोडली. ती पोरगी सगळ्यांत जास्त रडली. मला वाटलं, बाई, तू गप्प बस, आधी आम्हाला रडू दे. हे अर्थात मी बोलले नाही, तिला पाणी दिलं. आई जेवली नाही. पाण्याकडं तोंड करून बसून राहिली आणि चूल विझत आली तरी तिनं लाकूड सारलं नाही.

पाहुणे दुसऱ्या दिवशी गेले. त्यांनी नेटवर फार छान छान लिहिलंय. खरा अनुभव, आयुष्य बदलून टाकणारा वगैरे. मी ते वाचून फोन बंद केला होता.

मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल, गोळ्यांनी थोडा रेंगाळेल. त्या वर्षी वाडा शिनोलीहून पुढं गेला नाही. भावानं खांड चुलत्याच्या वाड्यात मिसळून दिलं, मोजकी मेंढरं आणि घोडी घरी ठेवली. मी सहली बंद केल्या आणि मंचरात एका शाळेच्या कार्यालयात काम धरलं. सुट्टीच्या दिवशी लोणीला जाते.

सुरुवातीला आम्ही दोघंही आईला खरं सांगायचो. भावाला ती 'आवो' म्हणाली की तो म्हणायचा, आई, मी तुझा पोरगा. मग तिला 'आरं' आठवायचं, मग आप्पा कुठं आहेत ते विचारायची, मग आम्ही सांगायचो. दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकायची. दर वेळी तेच, मला कुणी सांगितलं न्हाई. किती वेळा आम्ही तिला विधवा करणार होतो?

एक दिवस भावानं ते सोडून दिलं. सकाळी आईनं विचारलं, "आवो, आज उतरायचं कुठं?" आणि तो काठी काखेत धरून म्हणाला, "आज हितंच." आई "बरं" म्हणाली आणि अंगणात तीन दगड मांडायला गेली. मी त्याला मागच्या दारी गाठलं. म्हणाले, लाज वाटत नाही का, पोरगा आहेस तू तिचा, नवरा नाहीस, लोक काय म्हणतील. तो म्हणाला, "लोकं तिला जेवाय घालनार हायत का? रोजचा एक शब्द तर द्यायचाय." मी पुष्कळ बोलले.  वहिनी त्याच्या बाजूनं होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या अंगणात धूर होतो, भाऊ ती हाक देत मेंढरं आणतो, आणि मगच आई जेवते.

गेल्या सुट्टीला मी पाठीवर पिशवी लावून घरी गेले. बसथांब्यापासून चालत गेल्यानं तोंडावर धूळ होती. आई अंगणात चुलीपाशी बसली होती. मी फाटकातून आत आले. ती नेहमी म्हणते तसं "काय गं, आलीस?" म्हणेल म्हणून मी थांबले.

तिनं वर बघितलं आणि फार गोड हसली.

"या पावनं. वाडा बघाय आलात न्हवं?"

माझ्या तोंडातून "हो" आलं. दुसरं काय म्हणणार होते मी? भावाचं तेव्हा मला सगळं कळलं.

"बसा की. भूक लागली आसंल. पन मेंढरं येऊस्तर आमच्यात कुनी जेवत न्हाई बरं का. ते येतील आता. धूर दिसला की येत्यात." तिनं एक ओलं लाकूड आत सारलं. "वाकणात आमी पयल्यांदा उतरलो, तवा मी रडत बसले व्हते..." आणि तिनं मला कोकराची गोष्ट सांगितली. पोरीनं सांगितली होती त्याहून मोठी होती. कोकरू काळं होतं, डोक्यावर पांढरा ठिपका. आप्पा निघून गेले नव्हते, घोडीच्या आड उभे राहून बघत होते. तिला त्यांचे पाय दिसत होते.

सांगून झाल्यावर ती माझ्याकडं निरखून बघायला लागली. मला वाटलं, आता ओळखेल.

"लांबनं आलासा?"

"मंचरवरनं."

"आई हाय न्हवं तुमाला?"

"हाय," मी म्हणाले.

"तिला सांगून आलात का? न्हाईतर वाट बघत बसंल ती."

"सांगून आले."

"बरं केलंत," आई म्हणाली, आणि धूर माझ्या डोळ्यांत जायला लागला म्हणून तिनं मला हात धरून पलीकडच्या बाजूला सरकवून बसवलं.